लिंक्डइनवर ओळखी करायच्या म्हणजे नेमकं काय करायचं? गोव्यातल्यांनी जरा सांगा

कुळागर_वाळपई

नमस्कार. बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच स्वतःचा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी वाळपईची. २०२१ ला गोवा युनिव्हर्सिटीतून एमएस्सी केमिस्ट्री, त्यानंतर चार वर्षं एका फार्मा कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासतात तिथे. कंपनीचं नाव लिहीत नाही, गोव्यात दोघांना विचारलं की तिसऱ्याला आपलं घर कुठलं ते कळतं. काम म्हणजे दिवसभर एचपीएलसी मशीनवर औषधातले घटक मोजणं, डिसोल्यूशन म्हणजे गोळी कशी विरघळते ते बघणं, स्टॅबिलिटी म्हणजे औषध किती टिकतं त्याचे सॅम्पल आणि त्यामागचे सगळे कागद. काम आवडतं पण शिफ्टनी तब्येत पार उतरलीय आणि मला आता रेग्युलेटरी अफेअर्समध्ये, म्हणजे औषधाला परवानगी मागायच्या कागदपत्रांच्या कामात, जायचंय.

जूनपासून लिंक्डइनवर सत्तरच्या वर ठिकाणी ईझी अप्लाय केलं, म्हणजे तिथल्या तिथे बटण दाबून अर्ज पाठवला. दोन ठिकाणांहून नकाराची मेल आली, बाकी कुणी काही कळवलंच नाही. सगळे म्हणतात अप्लाय करून उपयोग नाही, नेटवर्किंग कर. पण म्हणजे काय करू? माझ्या ६१ कनेक्शन्स आहेत, त्यातले निम्मे माझ्याच लॅबमधले आणि उरलेले बॅचमधले. अनोळखी माणसाला मेसेज लिहायला बसले की हात अडखळतो, मला नोकरी द्या म्हणून दारात उभी राहिल्यासारखं वाटतं. बाबा म्हणतात फोंड्याला अमक्याकडे जाऊन ये, त्यांची ओळख आहे. तेही नको वाटतं.

आणि भीती एकच, आत्ताच्या कंपनीत कळलं तर?

सरकारी_वाट

ताई स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. नेटवर्किंग हे वशिल्याचंच इंग्रजी नाव आहे. मी पाच वर्षं फॉर्म भरतोय, आधी काय चालायचं ते सगळ्यांना माहीत आहे. आता कर्मचारी निवड आयोग आला, कॉम्प्युटरवर परीक्षा व्हायला लागल्या, तेव्हा कुठे आमच्यासारख्यांना थोडी आशा वाटते. खाजगीत मात्र अजून ओळख असल्याशिवाय आत जाता येत नाही. तुझ्या बाबांचं म्हणणं खरं आहे, फोंड्याला जाऊन ये.

खाणपट्टा

बाळा, वशिला वेगळा आणि ओळख वेगळी. वशिल्यात काम येत नसलेल्याला आत घेतात. ओळखीत काम येणाऱ्याला एवढंच कळतं की अमुक ठिकाणी माणूस हवाय. दुसऱ्यात मला काहीच वावगं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते माझ्यावर जे गेलं त्यावरून सांगतो.

२०१२ च्या पावसाळ्यानंतर खाणी बंद झाल्या, आधी सरकारचा आदेश आणि मग ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचा. मी डिचोली तालुक्यातल्या एका खाणीवर मेकॅनिकल सुपरवायझर होतो, एक्सकॅव्हेटर आणि डंपरचं मेंटेनन्स बघायचो. माझ्या ओळखी नव्हत्या असं मुळीच नाही, अख्खा पट्टा मला ओळखायचा. पण झालं काय की मेव्हण्याचे दोन ट्रक उभे, शेजाऱ्याची बार्ज उभी, गॅरेजवाला बसून, वर्कशॉपमधले सगळे घरी. ज्याला फोन करावा तो माझ्यासारखाच. सगळ्या ओळखी एकाच टोपलीत होत्या म्हण. टोपली पालथी झाली तेव्हा एकालाही दुसऱ्याला सांगण्यासारखी बातमी नव्हती.

मला काम मिळालं ते अशा माणसाकडून ज्याला मी आयुष्यात तीन दिवस भेटलो होतो. पुण्याला मशीनच्या ट्रेनिंगला गेलो होतो तिथे चंद्रपूरचा एक सर्व्हिस इंजिनियर शेजारी बसायचा. परत आल्यावर भाच्याने माझं लिंक्डइन उघडून दिलं, त्यात या माणसाला जोडून ठेवलं, बस. खाणी बंद झाल्याची बातमी वाचून त्यानेच स्वतः मेसेज केला की ओडिशात बडबिलला अमुक साइटवर मेंटेनन्सला माणूस शोधतायत, बायोडेटा पाठव. सहा वर्षं राहिलो तिकडे. इथे मध्ये थोडं सुरू झालं होतं ते २०१८ ला परत बंद झालं, ८८ लीज रद्द झाल्या, तेव्हा मी तिकडेच होतो म्हणून घर चाललं.

त्या माणसाने माझ्यावर उपकार म्हणून केलं नाही. त्याच्या कानावर होतं ते त्याने माझ्या कानावर घातलं.

वेर्णा_जनरलशिफ्ट

काकांची पोस्ट वाचून थांबवेना. मी वेर्ण्याला एचआरमध्ये आहे, अकरा वर्षं झाली, त्यातली सात फार्मात.

काकांनी जे सांगितलं त्यावर आम्हाला एमबीएला चक्क एक जुना अभ्यास शिकवला होता. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाचे समाजशास्त्रज्ञ, १९७३ चा पेपर. बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं की ज्या ओळखीतून नोकरी कळली तो माणूस तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटायचा. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणाऱ्यांकडून कळली असे शंभरात सतरासुद्धा नव्हते. साधारण छप्पन्न जणांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळली आणि अठ्ठावीस जणांना वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणाऱ्याकडून. कारण काकांनी टोपलीचं सांगितलं तेच, जवळच्या माणसाला जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. नंतर २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या दोन कोटी लोकांवर पाच वर्षांचा प्रयोग छापून आला, त्यातही हेच दिसलं, फक्त एक बारीक गोष्ट पुढे आली की अगदी परक्यापेक्षा थोडा ओळखीचा बरा, म्हणजे ज्याच्याशी आपल्या साधारण दहाएक ओळखी सामायिक आहेत असा. तेव्हा वाळपईच्या ताई, तुमच्या ६१ जणांच्या पलीकडच्या पायरीवर जे आहेत, ज्यांच्या नावापुढे सेकंड लिहून येतं, ते तुमच्या कामाचे.

आता आमच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो कारण हे कुणी सांगत नाही.

रिक्रूटर प्रोफाइल वाचत बसत नाही, तो शोधतो. मी सर्चमध्ये टाकतो एचपीएलसी, स्टॅबिलिटी, मेथड व्हॅलिडेशन (तपासणीची पद्धत बरोबर आहे हे सिद्ध करणं), ओओएस (ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलेला रिझल्ट), एम्पॉवर (एचपीएलसीचं सॉफ्टवेअर), गोवा. तुमच्या प्रोफाइलवर नुसतं क्यूसी एक्झिक्युटिव्ह आणि खाली मेहनती, टीम प्लेयर असं लिहिलं असेल तर तुम्ही त्या यादीत येतच नाही, मग तुम्ही कितीही चांगल्या असा. नावाखालच्या ओळीला २२० अक्षरं मिळतात, ती वापरा. प्रत्येक कामाखाली काय केलं ते लिहा, किती प्रॉडक्टचं स्टॅबिलिटी बघितलं, कुठल्या ऑडिटला लॅबमध्ये होता, ओओएसच्या तपासात तुमचा भाग कोणता. एक मात्र कटाक्षाने पाळा, प्रॉडक्टचं नाव, बॅचचे आकडे, एसओपी म्हणजे कामाच्या लेखी पद्धती, स्क्रीनशॉट यातलं काहीही टाकायचं नाही. मी एका चांगल्या मुलाला यावरून नोकरी गमावताना बघितलंय, क्रोमॅटोग्रामचा, म्हणजे एचपीएलसीतून येणाऱ्या आलेखाचा, फोटो त्याने कौतुकाने टाकला होता.

ईझी अप्लायबद्दल. एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात आणि खरं सांगायचं तर आम्ही सगळे उघडत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांतले बघितले जातात. म्हणून गेल्या २४ तासांचा फिल्टर लावा, जॉब अलर्ट लावा आणि लवकर अप्लाय करा. त्याआधी आम्ही बघतो ते आतल्या माणसांनी सुचवलेले. बऱ्याच कंपन्यांत सुचवलेला माणूस लागला की सुचवणाऱ्याला पैसे मिळतात, बोनस असतो. त्यामुळे कुणाला रेफरल विचारताना तुम्ही भीक मागता असं अजिबात समजू नका, चांगला माणूस सुचवता आला तर त्यालाही हवंच असतं.

कंपनीत कळण्याची भीती रास्त आहे. ओपन टू वर्कला दोन पर्याय असतात, सगळ्यांना दिसेल असा, ज्यात फोटोभोवती हिरवी चौकट येते, आणि दुसरा फक्त रिक्रूटरना. दुसरा घ्या. आपल्याच कंपनीच्या रिक्रूटरना ते दिसू नये म्हणून लिंक्डइन प्रयत्न करतं पण पूर्ण हमी देत नाही, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. प्रोफाइल बदलायला बसण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन बदल झाल्यावर नेटवर्कला कळवण्याचं बटण बंद करा आणि एका रात्रीत सगळं न बदलता दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं बदला.

म्हापसा_माय

मेसेज लिहिताना हात अडखळतो म्हणालीस ना गो, ते मला फार कळलं. मुलगा झाल्यावर मी सहा वर्षं घरी होते, परत अकाउंट्समध्ये यायचं ठरवलं तेव्हा माझंही असंच झालेलं.

मला चवथीवरून सुचलं. चवथीला आपण वीस घरी जातो. कुणाच्या दारात उभं राहून आपलं काम सांगतो का? आधी गणपतीला नमस्कार, मग गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीकडे बघून यंदा काय काय बांधलं ते विचारायचं, घरातल्या वयस्कर माणसाची चौकशी, नेवरी हातात आली की मग बोलणं आपोआप कुठेतरी जातं आणि पोराचं काय चाललंय हे तेच विचारतात. मी तसंच केलं. ज्यांना विचारायचं त्यांचं काम आधी वाचलं, त्यांनी काही लिहिलं असेल तर त्याखाली खरंच वाटलं ते दोन ओळीत लिहिलं, छान सर असं नाही. जीएसटी रिटर्नच्या एका बदलावर म्हापशातल्याच एका सीएने लिहिलेलं, त्याखाली मी एक शंका विचारली, त्यांनी उत्तर दिलं, अशी तीन-चार वेळा देवघेव झाली आणि दीड महिन्याने त्यांनीच विचारलं की तुम्ही सध्या कुठे आहात.

आणि मध्ये गॅप असणाऱ्यांसाठी, २०२२ पासून लिंक्डइनवर करिअर ब्रेक म्हणून वेगळी नोंद करता येते, कारणासकट. मी ती केली. लपवलं असतं तर प्रत्येक इंटरव्ह्यूला तोच प्रश्न घेऊन बसावं लागलं असतं.

फर्मागुडी१९

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. युनिव्हर्सिटीच्या पेजवर जा, तिथे ॲलमनाय (माजी विद्यार्थी) म्हणून टॅब आहे. त्यात कोण कुठे राहतं, कुठल्या कंपनीत आहे, कुठल्या प्रकारचं काम करतं असे फिल्टर आहेत. मी गोवा इंजिनियरिंग कॉलेजच्या पेजवरून असंच केलं, आमच्या कॉलेजचे सीनियर पुण्या-बंगळुरूच्या कुठल्या कुठल्या कंपन्यांत निघाले, एकाला तर मी रोज बसमध्ये बघायचो. तू रेग्युलेटरी टाकून बघ. गोवा युनिव्हर्सिटी म्हटलं की बाहेर असलेला माणूस उत्तर देतोच, घरची आठवण येते त्यांना.

कुळागर_वाळपई

देव बरें करूं सगळ्यांचं. काका, तुमची पोस्ट मी बाबांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, त्यांचाही ट्रक होता.

ॲलमनायचा टॅब उघडला. रेग्युलेटरी टाकल्यावर एवढी माणसं निघाली की मी बघतच राहिले, त्यातल्या दोघी माझ्याच डिपार्टमेंटच्या. पण आता त्यांना लिहू काय? मला यांच्याकडे नेमकं काय मागायचं हेच कळत नाहीये.

मंगेशीची_लेक

तू माझ्याच कामात यायचं म्हणतेस म्हणून सविस्तर लिहिते. मी मूळची मंगेशीची, सध्या हैदराबादला, रेग्युलेटरीत नऊ वर्षं, आणि त्याआधी तीन वर्षं मीही क्यूसीतच होते.

पहिलं म्हणजे तू नव्याने सुरुवात करतेस असं मनातून काढून टाक. औषधाला परवानगी मागताना कागदपत्रांचा जो डोसियर जातो त्याचे पाच भाग म्हणजे मॉड्यूल असतात, त्यातलं तिसरं क्वालिटीचं. त्यात स्पेसिफिकेशन, ॲनालिटिकल मेथड, तिचं व्हॅलिडेशन, बॅचचे रिझल्ट आणि स्टॅबिलिटी असतं. म्हणजे तू जे चार वर्षं बेंचवर करते आहेस त्याचंच लिखाण आम्ही इथे बसून करतो. अमेरिकेच्या औषध नियामकाकडून प्रश्न येतो की अमुक इम्प्युरिटीची (औषधातल्या अशुद्ध घटकाची) लिमिट एवढी का ठेवली, तेव्हा ज्याने स्वतः क्रोमॅटोग्राम बघितलेत त्याला उत्तर पटकन सुचतं. ज्यांनी लॅब कधी बघितली नाही त्यांना आम्हाला ते आधी समजावून सांगावं लागतं. हे तुझं भांडवल आहे आणि तुझ्या प्रोफाइलवर ते कुठेच दिसत नाहीये असं मी पैजेवर सांगते.

तुझ्यात कमी काय आहे तेही सांगते. ईसीटीडीची, म्हणजे त्या डोसियरच्या इलेक्ट्रॉनिक रूपाची, रचना, कुठला सेक्शन कुठे येतो, मंजुरीनंतर बदल करायचा तर कुठल्या प्रकारात टाकायचा. हे शिकता येतं, औषधांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या आयसीएचच्या गाइडलाइन नेटवर फुकट आहेत, एम४क्यू (मॉड्यूल तीनची मांडणी) आणि क्यू१ (स्टॅबिलिटी) पासून सुरू कर, क्यू२ (मेथड व्हॅलिडेशन) तर तू रोज वापरतेसच. आणि तुमच्याच कंपनीतल्या आरए म्हणजे रेग्युलेटरीवाल्यांना लॅबमधून डेटा कोण देतं? ते काम मागून घे. तुझ्या सुपरवायझरला यात संशय यायचं काही कारण नाही.

मेसेजचं म्हणशील तर नोकरी मागायचीच नाही, रस्ता विचारायचा. मला रोज असे मेसेज येतात की मॅडम प्लीज रेफर मी, खाली बायोडेटा जोडलेला. मी काय करू त्याचं? मला माहीतच नाही तो कोण. पण कुणी असं लिहिलं तर मी रात्री अकरालासुद्धा उत्तर देते, इंग्रजीत लिही पण आशय असा ठेव:

"नमस्कार मॅडम. मी गोवा युनिव्हर्सिटीची २०२१ ची एमएस्सी, चार वर्षं क्यूसीत, मुख्यतः स्टॅबिलिटी आणि मेथड व्हॅलिडेशन. तुम्हीही लॅबमधून रेग्युलेटरीत गेलात हे तुमच्या प्रोफाइलवर दिसलं. पहिल्या वर्षी तुम्हाला सगळ्यात जास्त काय नव्याने शिकावं लागलं एवढं सांगाल का?"

बघ यात काय काय आहे. मी कोण ते आलं, तुम्हालाच का विचारते ते आलं आणि प्रश्न असा की दोन मिनिटांत उत्तर देता येतं. कॉलवर अर्धा तास द्या असं पहिल्याच मेसेजमध्ये मागू नकोस. फ्री अकाउंटला नोट लिहून पाठवायच्या रिक्वेस्ट महिन्याला मोजक्याच मिळतात आणि अक्षरंही कमी, तेव्हा त्या नेमक्या माणसांसाठी राख, बाकीच्यांना नोटशिवाय पाठव आणि त्यांनी जोडून घेतल्यावर मग मेसेज कर. उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण, मग सोडून द्यायचं.

आणि ज्याने मदत केली त्याला नंतर कळव. हे मी फार मनापासून सांगते. मी एका मुलीला दोन तास बसून मॉड्यूल तीन समजावलं होतं, तिचं पुढे काय झालं ते मला आजपर्यंत माहीत नाही, आणि मला ते खरंच जाणून घ्यायचं होतं.

तारवटी_२००९

सगळं बरोबर पण दुसरी बाजू सांगायला कुणी नाही म्हणून लिहितो. मी क्रूझवर असतो, आत्ता सुट्टीवर घरी आलोय. आमच्या वाड्यावरच्या एका पोराला लिंक्डइनवरून ऑफर आली, क्रूझ कंपनीचं नाव, लोगो, लेटरहेड सगळं जागच्या जागी. प्रोसेसिंगचे ८०,००० रुपये मागितले. आईने बांगड्या गहाण ठेवून दिले. तिकीट आलंच नाही.

म्हणून तिकडे जाऊ बघणाऱ्या पोरांनी वाचा. जहाजावर लावायचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत, मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६ मध्ये ते स्पष्ट आहे, मेडिकल, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक), पासपोर्ट असा आपला खर्च फक्त आपला. भारतातल्या एजंटकडे डीजी शिपिंग या सरकारी खात्याचं आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं, लायसन्स लागतं, त्याचा नंबर मागा आणि डीजी शिपिंगच्या साइटवर स्वतः तपासा, त्याने पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका. गल्फला किंवा दुसरीकडे जमिनीवरच्या नोकरीला जायचं असेल तर सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर नोंदलेला एजंट हवा, त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. थायलंडला डेटा एंट्री किंवा आयटी म्हणून नेतात आणि पुढे म्यानमारमध्ये कोंडून लोकांना फसवण्याच्या कामाला लावतात, २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने त्यावर सूचना काढली होती आणि तरी पोरं जातायत.

मेसेज आला की त्या माणसाचं प्रोफाइल उघडा. कधी बनवलंय, त्या कंपनीतली दुसरी माणसं त्याला जोडलेली आहेत का, लगेच व्हॉट्सॲप नाहीतर टेलिग्रामवर या म्हणतो का, मेल कंपनीच्या डोमेनवरून येते की साध्या जीमेलवरून. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. पहिल्या काही तासांत केला तर पैसे अडवता येण्याची शक्यता असते. त्या आईने आठ दिवस कुणाला सांगितलंच नाही.

कुळागर_वाळपई

महिना झाला, काय झालं ते सांगायला आलेय.

प्रोफाइल वेर्ण्याच्या दादांनी सांगितलं तसं तीन आठवड्यांत बदललं. नुसत्या त्याने दोन रिक्रूटरचे मेसेज आले, दोन्ही क्यूसीचेच होते पण आधी चार वर्षांत एकही आला नव्हता. मग मंगेशीच्या ताईंच्या पद्धतीने चौदा जणांना लिहिलं. सहा जणांनी उत्तर दिलं. चौघांनी दोन ओळीत, एकाने गाइडलाइनची अख्खी यादी पाठवली.

सहाव्याबद्दल लिहू की नको असं झालेलं, पण लिहिते. सुरुवातीला कामाचं बोलला, मग व्हॉट्सॲप नंबर मागितला, मग रात्री साडेअकराला विचारलं की एकटी राहतेस का. माझे हात थरथरले. मी दोन दिवस ॲपच उघडलं नाही, सगळं सोडून द्यावंसं वाटलं.

म्हापसा_माय

लिहिलंस ते फार चांगलं केलंस. तुझी यात काही चूक नाही. स्क्रीनशॉट काढून ठेव, रिपोर्ट कर आणि ब्लॉक कर. मीही नंबर कुणाला देत नाही, बोलणं तिथल्या तिथेच, फारच वाटलं तर मेल आयडी. कामापुरता वेगळा मेल आयडी काढून ठेवलाय त्यासाठी.

वेर्णा_जनरलशिफ्ट

हेच म्हणतो. खऱ्या रिक्रूटरला नंबर हवा असतो पण तो कुठल्या जागेसाठी आणि कुठल्या कंपनीसाठी हे आधी सांगतो आणि दिवसाउजेडी फोन करतो. ज्यांच्या नावापुढे व्हेरिफिकेशनची खूण आहे अशांपासून सुरुवात करा. त्यानेही माणूस चांगला असल्याची खात्री होत नाही, पण तो स्वतःच्या नावाने वावरतोय एवढं तरी कळतं.

कुळागर_वाळपई

केलं, दोन्ही केलं. आणि सोडलं नाही.

कारण त्या पहिल्या पाचांत एक ताई होत्या, आमच्याच डिपार्टमेंटच्या, माझ्या आधी दोन बॅच. म्हणजे आम्ही एकाच लॅबच्या बेसिनवर ग्लासवेअर धुतलेत पण कधी भेटलो नाही. त्या मुंबईच्या एका कंपनीत आहेत. मी त्यांना फक्त विचारलं होतं की क्यूसीतून येणाऱ्याला काय जड जातं. त्यांनी सांगितलं, मी आठवडाभर वाचून परत दोन शंका विचारल्या, असं चालू होतं. परवा त्यांनी स्वतःहून कळवलं की त्यांच्या टीमला स्टॅबिलिटी समजणारं माणूस हवंय, जाहिरात अजून यायची आहे, बायोडेटा पाठव. पाठवला. गुरुवारी साडेदहाला पहिला राउंड आहे, व्हिडिओ कॉलवर.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, ही कुणाची कोण? मी म्हटलं कुणाची कुणी नाही, आमच्या युनिव्हर्सिटीची.

आता अडचण एकच, आमच्या घरी नेट. पाऊस आला की टॉवर जातो, कुळागराच्या म्हणजे पोफळीच्या बागेच्या आत तर एरवीही रेंज नसते. सुट्टी टाकलीय पण बसू कुठे? कॅफेत बसून इंटरव्ह्यू देणं बरं दिसेल का?

खाणपट्टा

कॅफेत नको, मागे गिऱ्हाइकांचा आवाज येतो. लायब्ररीत मोठ्याने बोलू देणार नाहीत.

मंगेशीची_लेक

माझ्या आईकडे जा. घर मंगेशीला रस्त्यालगत आहे, फायबर आहे, मागची खोली शांत, इन्व्हर्टरही आहे, माझी सगळी वर्क फ्रॉम होम त्या टेबलावर झालीत. तुला मेसेज केलाय, त्यात माझ्या प्रोफाइलची लिंक आणि आईचा नंबर आहे, आधी माझं प्रोफाइल नीट बघून खात्री कर आणि तुझ्या बाबांना आईशी बोलू दे. मी बुधवारी रात्री तासभर मोकळी आहे, तुझा मॉक म्हणजे सरावाचा इंटरव्ह्यू घेते. इम्प्युरिटीची लिमिट कशी ठरते ते तयार ठेव, ते विचारतातच.

कुळागर_वाळपई

ताई, बाबा आत्ताच आईंशी बोलले. दोघांना एक ओळखीचा भटजी निघाला, मग अर्धा तास फोन खाली ठेवला नाही.

गुरुवारी पहिल्या बसने निघते, नऊपर्यंत पोचेन. रसबाळी केळ्यांचा घड उतरवून ठेवलाय, त्यातली दोन फणी आईंसाठी आणते.